म्हशीची समाधी

जनावरांना मनःशांतीचं वेड लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. तळ्याकाठच्या एका म्हशीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. काळजीनं तिचं दूध आटत चाललं होतं.

ती बगळ्याकडे गेली. बगळा म्हणजे मोठा साधक. दिवसभर डोळे मिटून उभा, तरी पोट कायम भरलेलं. "एका पायावर उभी राहा," तो म्हणाला. म्हैस उभी राहायला गेली आणि धाडकन चिखलात आडवी झाली.

"श्रद्धा कमी पडते," बगळा म्हणाला आणि त्यानं एक मासा गिळला.

मग ती वटवाघळाकडे गेली. ते म्हणालं, "मावशी, उलटं लटकल्याशिवाय काही खरं नाही." म्हैस वडाच्या फांदीला मागचे पाय अडकवायला गेली आणि फांदीसकट खाली आली.

"श्रद्धा कमी पडते," वटवाघूळ म्हणालं आणि झोपी गेलं.

ठेचकाळलेली म्हैस बाभळीखाली जाऊन बसली. शांती शोधायच्या नादात ती रवंथ करायलाच विसरली होती. आता सकाळचा कडबा तोंडात आला, जबडा संथ हलू लागला, डोळे आपोआप मिटले. दिवस कलला तेव्हा तिची कास भरून आली होती.

बातमी पसरली. बाभळीखाली ही गर्दी जमली! एका घाबऱ्या खारीनं विचारलं, "मावशी, मन शांत कसं करायचं?"

"सोपं आहे. डोळे मिट आणि रवंथ कर."

"पण आम्हा खारींना रवंथ करता येत नाही हो."

म्हैस गोड हसली.

"श्रद्धा कमी पडते, बाळ," ती म्हणाली आणि पुढचा घास चघळू लागली.