निळ्या बदकांची जोडी

कोकणातल्या एका छोट्या संस्थानाच्या राजाने दुसरं लग्न केलं, तेव्हापासून थोरल्या राणीसाहेब तुळजाबाईंचा जीव जळत होता. धाकट्या गजराबाई नुसत्या हसल्या, तरी थोरल्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

एकदा दाऊद नाखवा या दर्यावर्दी व्यापाऱ्याने चीनहून आणलेली चिनीमातीची बरणी राजाला नजर केली. पांढऱ्याशुभ्र अंगावर निळ्या रंगात कमळांचं तळं रंगवलेलं होतं आणि त्यात बदकांची जोडी पोहत होती.

"चिनी लोक या जोडीला अतूट संसाराची खूण मानतात, हुजूर," नाखवा म्हणाला.

गजराबाई लाजल्या. ते पाहून तुळजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाखवा, यातलं एक बदक महाराज. मग दुसरं कोण? मी की ही? नीट सांगा, नाहीतर तुमचं गलबत पुन्हा आमच्या बंदराला लागणार नाही!"

राजाने मान खाली घातली.

"राणीसाहेब, बदकं म्हणजे तुम्ही दोघी," नाखवा शांतपणे म्हणाला. "महाराज म्हणजे तळ्याचं पाणी. दोघींचा भार तेच तोलतात."

राजाने सुटकेचा निःश्वास टाकला. तुळजाबाई मात्र हटल्या नाहीत. "असं होय! मग पुढे कोण आणि मागे कोण?"

नाखव्याने बरणी त्यांच्यासमोर ठेवली. "बरणी गोल आहे, राणीसाहेब. आपणच फिरवून ठरवा."

तुळजाबाईंनी बरणी फिरवली, पुन्हा फिरवली. पुढचं बदक मागे जाई, मागचं पुढे येई. शेवटी त्यांनाच हसू आवरेना.

"घे," त्या गजराबाईंना म्हणाल्या, "आज तुझ्या महालात ठेव. उद्या सकाळी मात्र माझ्याकडे पाठवायची!"