वाटीविना बासुंदी

तालुक्याच्या इस्पितळात रुग्णांच्या नोंदी संगणकावर घ्यायचं ठरलं, तेव्हा अधीक्षक डॉक्टर वर्टीकरांनी फर्मान सोडलं, "सगळे रकाने मजकुराचेच ठेवा. त्यात काहीही मावतं!"

प्रणाली बनवणाऱ्या यामिनी सबनीसला हे पटेना. चाचणीत कुणीतरी बाळाच्या वजनाच्या रकान्यात 'बरं आहे' असं लिहिलं होतं, आणि संगणकाने ते निमूट घेतलं होतं. उद्यापासून त्याच वजनावरून औषधाची मात्रा ठरणार होती. तिने परोपरीने सांगितलं, पण साहेब काही ऐकेनात.

दुपारी उद्घाटनाची पंगत बसली. यामिनी आग्रहाने वाढायला उठली. तिने साहेबांच्या ताटातल्या वाट्या उचलल्या आणि आमटी, कढी, बासुंदी थेट ताटातच ओतली. कढी सरळ बासुंदीत शिरली.

"अहो, हे काय? वाट्या कुठायत?" साहेब कडाडले.

"कशाला हव्यात, साहेब? ताटात सगळं मावतंय की!"

पंगतीत खसखस पिकली. साहेबांनी बोटाने कढी बासुंदीपासून बाजूला सारून पाहिली, पण ती पुन्हा तिच्यातच शिरली.

"वजनाला आकड्यांचा रकाना करा, तारखेला तारखेचा," ते अखेर पुटपुटले. "पण आधी वाट्या आणा!"

संध्याकाळी यामिनीने वजनाच्या रकान्यात पुन्हा 'बरं आहे' लिहून पाहिलं. संगणकाने ते साफ नाकारलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.