आधी आईचा घोट

बंगल्यातली गोऱ्या साहेबाची आरामखुर्ची पाहिलीत, भिंतीवरची शिंगं पाहिलीत, फोटो काढून झाले. आता हा हौद बघा. काठावरूनच बघा, उतरू नका. सातपुड्यात धो धो पाऊस कोसळला तरी यात थेंब टिकत नाही. आणि ताई, मघाशी पायथ्याच्या कुंभीखोरे गावात एक बाई लेकराच्या आधी स्वतः पाणी प्यायली, तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत. म्हातारा झालो तरी डोळे शाबूत आहेत. म्हणून ऐका.

साहेबाच्या अमदानीत हा सगळा डोंगर कॉफीचा होता. मजुरांनी लाल फळं तोडायची, साल काढायची, बिया या हौदात धुवायच्या. झरा एकच. तोडणीच्या दिवसांत साहेबानं तो पाट काढून हौदाकडे वळवला. गावाच्या वाट्याला उरलं ते हौदातून खाली सुटणारं, आंबलेल्या गराचं धुवण.

हौदाचं पाणी अडवायची-सोडायची फळी मानकी नावाची कोरकू बाई सांभाळायची. नवरा वारलेला, पदरात पाच वर्षांची झुनी. धुवणाचं पाणी पोरीला द्यावं की नाही, याचा तिला घोर लागला. तिनं मुकादमाला विचारलं, "दादा, हे पाणी लेकराले चालन का?"

मुकादम हसला. "अगं, कॉफीचंच पाणी ते. साहेब रोज कॉफी पितो, त्याला काय होतं?"

मानकीला पटलं. कॉफी पिकवण्यात तिचा जन्म गेला, पण चाखली कोणी होती! बोट बुडवून पाहिलं तर पाणी गोडसर लागलं. आई ती आई. गोड ते लेकराला ठेवलं, आणि स्वतः पाटातलं फिकं पाणी चोरून ओंजळीनं प्यायली. झुनी मडकं चाटूनपुसून म्हणायची, "आये, अजून दे." मानकी हौसेनं द्यायची, असं सांगतात.

चौथ्या दिवशी झुनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावातली आणखी पोरं आडवी झाली. मानकीचा जीव थाऱ्यावर राहिना. तिनं झऱ्याच्या एका घागरीसाठी मुकादमाचे पाय धरले.

"हौदात माल आहे. आज पाटाला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

दुपारी झुनी गेली. शेवटपर्यंत गोड पाणीच मागत होती म्हणे.

मानकी रडली नाही. पोरीला मातीत ठेवून ती सरळ पाटाच्या तोंडाशी आली आणि पाण्यात बसली. पाणी तुंबलं, फुटलं आणि जुन्या वाटेनं गावाकडे धावलं. मुकादमानं चाबूक ओढला. चार गड्यांनी तिला उपसायचा प्रयत्न केला, पण ती तसूभरही हलली नाही म्हणतात. बायका धावत आल्या, तेव्हा ती एवढंच बोलली, "या हौदात पुन्हा पानी राहनार नाही. आन् बायांनो, मी चुकली. आधी आपन प्या, मंग लेकराले द्या."

दुसऱ्या दिवशी ती बसल्या जागी थंड झाली होती. हौदातला माल सडला. त्या घाणीनं साहेबाला बंगल्यात राहवेना, तो गेला तो गेलाच.

आजही हौद कोरडा आहे. आजही कुंभीखोऱ्यात आई आधी घोट घेते, जरा थांबते, आणि मगच भांडं लेकराच्या तोंडाला लावते. इथं त्याला कोणी हावरटपणा म्हणत नाही.

चला, ऊन चढलंय. फाटकाशी माठ भरलेला आहे, झऱ्याचंच पाणी. तुमचं लेकरू केव्हाचं तहानेलं दिसतंय.

घ्या ताई. आधी तुम्ही.