हेल्मेटवरचं घमेलं

घाटरस्त्याला परदेशी बँकेचं कर्ज होतं आणि मजुरांना हेल्मेट द्यायचंच, अशी बँकेची अट होती. महिन्यापूर्वी कड्यावरून दगड सुटला आणि ठमाबाईची जाऊ जागीच गेली. तेव्हा सगळी हेल्मेटं गोदामात कुलपात होती.

आज बँकेचे साहेब पाहणीला आले म्हणून ती हेल्मेटं बाहेर निघाली. कंत्राटदाराने आधीच बजावलं होतं, "रोज घालतो म्हणायचं. नाहीतर उद्यापासून काम बंद."

साहेबांनी हातातल्या फॉर्मवरून नजर न काढता विचारलं, "बाई, रोज घालता ना?"

"रोज घालतो, साहेब," ठमाबाई म्हणाली. साहेबांनी फॉर्मवर बरोबरची खूण केली.

मग तिने खडीचं घमेलं उचलून डोक्यावरच्या हेल्मेटवर ठेवलं. ते घसरलं आणि खडी साहेबांच्या बुटांवर सांडली.

"नीट उचल की," कंत्राटदार खेकसला.

"तुम्हीच दाखवा, मालक," ठमाबाई शांतपणे म्हणाली. "आम्ही रोज कसं उचलतो ते."

कंत्राटदार जागचा हलला नाही. साहेबांनी मघाची खूण खोडली.

ठमाबाईने हेल्मेट काढलं, डोक्यावर जाऊची कापडी चुंबळ ठेवली आणि खडी पुन्हा घमेल्यात भरायला बसली.