राजाचा माळावरचा बाजार आणि कासारणीचा हात

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे लोक गच्चीवर बसून राज्य कसं चाललंय ते पाहत असत, आणि आपल्याला ते दिसतं असंही त्यांना वाटत असे.

अशाच एका नगरीत एक राजा होता. मनानं फार चांगला. रोज तिसऱ्या प्रहरी तो गच्चीवर येई आणि वेशीकडे नजर लावून बसे. वेशीवर धूळ उडाली की त्याचा जीव सुखावे. धूळ म्हणजे गाड्या, गाड्या म्हणजे माल आणि माल म्हणजे सुखी प्रजा, असं त्याच्या आजोबांनी त्याला लहानपणीच शिकवलं होतं.

नगरीच्या मधोमध जुना बाजार होता. गल्ल्या अरुंद, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल, मधला हौद गळका. तरी सगळी नगरी तिथेच लोटायची. हौदाशेजारच्या ओट्यावर एक म्हातारी कासारीण बसे. तिची एक रीत होती. बांगडी भरताना वाढली, तिचे तुकडे झाले, तर त्या बांगडीचं मोल ती घेत नसे.

"हात माझा, तर तोटाही माझा," ती म्हणायची.

राजघराण्यातला लग्नाचा हिरवा चुडा तीच भरायची. राजाच्या आईला तिनं भरला, राणीलाही तिनंच भरला.

एके दिवशी परमुलखातला एक सौदागर दरबारात आला. जिभेवर साखर ठेवूनच आला म्हणा ना.

"महाराज, वेशीबाहेरचं माळरान मला द्या," तो म्हणाला. "तिथवर रुंद रस्ता काढा, नदीचं पाणी आणून द्या आणि काही वर्षं जकात माफ करा. एका छपराखाली सुईपासून पालखीपर्यंत सगळं मिळेल असा बाजार मी उभा करतो. तुमची प्रजा चिखल तुडवायची थांबेल."

प्रधान खाकरला. "महाराज, हौदाच्या डागडुजीला ठेवलेला पैसा त्यात जाईल."

"हौदाचं पुढच्या वर्षी बघू," राजा म्हणाला.

त्याला लगेच नावं ठेवू नका. कडेवर पोर आणि डोक्यावर पाटी घेऊन चिखलातून वाट काढणाऱ्या बाया त्यानं पाहिल्या होत्या. त्यांचे हाल त्याला खरोखरच बघवत नव्हते.

रस्ता झाला, पाट आला, माळावर लांबच लांब छपरं उभी राहिली. आणि धूळ तर अशी उडू लागली की राजाला गच्चीवरून खाली यावंसंच वाटेना. "पाहिलंत, प्रधानजी?" तो रोज म्हणे. हौदाचं पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

असा काळ गेला आणि राजकन्येचं लग्न ठरलं. वधूच्या बापानं स्वतः नारळ घेऊन कासारणीला बोलवायला जायचं, असा त्या घराण्याचा रिवाज होता. राजा नारळ घेऊन जुन्या बाजारात गेला.

पाहतो तर दुकानांना फळ्या लागलेल्या. हौद कोरडा, तळाशी पाचोळा. कासारणीच्या ओट्यावर एक शेळी बसली होती. एका कोपऱ्यात कल्हईवाला तेवढा विझलेल्या भट्टीपुढे होता.

"सगळे कुठे गेले?" राजानं विचारलं.

"गिऱ्हाईक माळावर वळलं, महाराज. पोटामागं माणसंही गेली. कोणी तिथं मजुरीला, कोणी गाव सोडून."

"पण व्यापार तर वाढलाय. धूळ केवढी उडते."

कल्हईवाला कसनुसा हसला. "गाड्या तेवढ्याच आहेत, महाराज. आधी त्या गल्लीबोळांत शिरायच्या, धूळ घरांआड राहायची. आता उघड्या माळावर फिरतात, म्हणून तुम्हाला गच्चीवरून दिसते."

राजा तसाच माळावर गेला. एका छपराखाली कासारीण उभी होती. बांगड्यांच्या पुड्या मोजून समोरच्या हातात ठेवत होती. कोणाची मनगटं धरत नव्हती, कोणाची विचारपूस करत नव्हती.

राजानं नारळ पुढे केला. "मावशी, लेकीचा चुडा भरायला या."

म्हातारीचे डोळे भरून आले. "कशी येऊ, महाराज? इथं बांगडी वाढली की मजुरीतून कापतात. म्हणून मी कोणाच्या हाताला हातच लावत नाही. बोटांची सवय गेली. राजकन्येच्या मनगटावर हात थरथरला तर कसं व्हायचं?"

एवढ्यात सौदागर लगबगीनं आला. "बरं झालं आपण आलात. जकातमाफीची मुदत संपत आलीय, ती वाढवून द्या. आणि पलीकडून दुसरा रस्ता लागेल. शेजारचे महाराज तर मला कालवा द्यायला तयार आहेत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर छपरं उतरवून तिकडे जाईन."

"मग हा रस्ता, हा पाट, तो ओस पडलेला बाजार?"

सौदागराला खरंच नवल वाटलं. तो काही दुष्ट नव्हता, त्याचा हिशेबच तसा होता. "ते तुमचं आहे, महाराज," तो म्हणाला. "त्यात माझं काय?"

राजानं कासारणीच्या हातांकडे पाहिलं. मग सौदागराला म्हणाला, "सुखानं जा."

सौदागर गेला. माळावर खांबांचे खड्डे राहिले आणि कुठेच न पोचणारा एक रुंद रस्ता राहिला.

आता जुना बाजार सावरायचा तर पैसा हवा. खजिना रिकामा. प्रधान म्हणाला, "प्रजेवर एक नवा कर बसवावा लागेल."

"कासारीण आपला तोटा गिऱ्हाइकावर घालते का?" राजानं विचारलं. "बाजार माझ्या हातून मोडला, प्रधानजी. भरपाई मीच करणार."

त्यानं आपली सोन्याची अंबारी विकली, राजबागेतला महाल विकला, लग्नाचा थाटही आवरता घेतला. राजकन्या म्हणाली, "आबा, मी मांडवात पायी जाईन. पण चुडा मावशींच्याच हातचा हवा."

हौद बांधून निघाला. गल्ल्यांत फरशी बसली. माणसं एकेक करून परतली. सगळी नाही. अत्तरवाला दूरदेशी गेला तो गेलाच. त्याच्या दुकानाच्या बंद फळ्यांपाशी राजाचं पाऊल पुढेही नेहमी अडखळत असे.

चुड्याच्या दिवशी राजकन्या हौदाजवळच्या त्याच ओट्यावर बसली. भोवती बायकांची दाटी. कासारणीनं तिचा हात हाती घेतला, हळूहळू दाबत पहिली बांगडी चढवू लागली. तिची बोटं थरथरली. बांगडी वाढली.

म्हातारीचा चेहरा उतरला. पुटपुटत ती म्हणाली, "हात माझा, तोटाही माझा."

राजा पुढे आला. खाली वाकून त्यानं हिरव्या काचेचे तुकडे स्वतः वेचले.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "तुमच्या हाताची सवय मी मोडली. हा तोटा माझा."

राजकन्येनं आपला हात पुन्हा पुढे केला. कासारणीनं डोळे पुसले आणि दुसरी बांगडी घेतली. ती अलगद बसली. मग तिसरी, चौथी, असा चुडा भरत गेला, आणि शेवटी शेवटी म्हातारीची बोटं अगदी पूर्वीसारखी चालू लागली. राजानं मात्र ते तुकडे जन्मभर सिंहासनाशेजारी ठेवले. धूळ बघायला तो गच्चीवर पुन्हा कधी गेला नाही. तिसऱ्या प्रहरी तो बाजारात उतरायचा आणि हौदाच्या काठावर बसायचा.

तात्पर्य: प्रजेच्या पैशानं नवं उभारताना जुनं काय मोडतंय ते जवळ जाऊन पाहावं, आणि मोडलंच तर त्याचा तोटा मोडणाऱ्यानं सोसावा, प्रजेवर घालू नये.