जावईबापूंना वाट

कोल्हापूरच्या मोटार शर्यतीत रणधीरराव शितोळ्यांच्या संघाच्या दोन गाड्या होत्या. एक गौतमी भिसे चालवायची, दुसरी रणधीररावांचे जावई. सकाळी रणधीररावांनी पाहुण्यांपुढे अकरा मिनिटं भाषण केलं, "आमच्याकडे आपपरभाव नाही. दोघांपैकी कोणीही जिंको, मला आनंद सारखाच!" मग चालकांशी रेडिओवर चालणारा आपला कारभार ऐकता यावा म्हणून त्यांनी पाहुण्यांना हेडफोनही दिले.

शेवटच्या फेरीत गौतमी पहिली होती, जावई दुसरे. जिंकली तर तिची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होणार होती. पाहुण्यांचा विसर पडलेले रणधीरराव रेडिओवर म्हणाले, "गौतमी, जावईबापूंना पुढे जाऊ दे."

"का साहेब? माझी गाडी बिघडलीय?"

"नाही गं. संघासाठी एवढं कर. कोणीही जिंकलं तरी चषक आपलाच ना?"

"आपलाच. आणि तुमचा आनंदही सारखाच. मग जावईबापूंना कशाला घाई करायला लावता? येऊ द्या की सावकाश!"

हेडफोन लावलेले पाहुणे खदखदून हसले. रणधीरराव पाहुण्यांकडे वळेपर्यंत गौतमीने अंतिम रेषा ओलांडली होती. चषक देताना त्यांना सगळ्यांदेखत सारखाच आनंद दाखवावा लागला.

गौतमी राष्ट्रीय स्पर्धेला गेली. पुढच्या शर्यतीत रणधीररावांनी तेच भाषण केलं, तेही पूर्ण अकरा मिनिटं. हेडफोन मात्र कोणाला दिले नाहीत.