देवमाशाच्या हाडाचा तराजू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा समुद्र माणसांच्या आजच्यापेक्षा जवळ राहत असे.

उत्तरेच्या थंड पाण्यात एक बेट होते. धुक्याचे बेट. सूर्य तिथे पाहुण्यासारखा यायचा आणि बसायच्या आधीच उठायचा. बेटाची अर्धी जमीन समुद्राच्या पातळीखाली होती. समुद्र आत येत नव्हता तो एका भिंतीमुळे.

ती भिंत वाडवडिलांनी घातली होती. बेटावर मूल जन्मले की बाप एक दगड घडवी. त्यावर आपल्या मनाची खूण कोरी आणि खूण गावाकडे येईल असा तो दगड भिंतीला चुन्यात बसवी. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि भिंत जाड होत गेली. बेटावर जेवढी माणसे, त्याहून अधिक दगड. मेलेल्यांचे दगडही जिवंतांची राखण करीत उभे होते.

बेटाला राजा होता, पण मानापुरता. कारभार रयत निवडेल त्याच्या हाती. आणि निवडीसाठी टेकडीवर एक तराजू होता.

त्या तराजूपुढे बडबड्या माणसाचीही जीभ थांबे. मधला खांब काळ्या दगडाचा, गलबताच्या डोलकाठीएवढा उंच. वरची दांडी म्हणजे देवमाशाच्या जबड्याचे अखंड हाड. कातड्याची पारडी एवढी थोरली, की एकेकात बैलजोडी उभी राहावी. समुद्र चढला की ते हाड घुमे. जुनी माणसे सांगत, "देवमासा मेला खरा, पण समुद्राचे ऐकणे त्याने सोडलेले नाही."

निवडीची रीत अशी होती. ज्याला कारभार हवा त्याने टेकडीवर वचने द्यायची, आणि प्रत्येक वचनाबरोबर एक दगड पारड्यात ठेवायचा. लहान वचनाला लहान दगड, मोठ्याला मोठा. रयतेने पारडी बघायची आणि आपापला शिंपला ज्याच्यापुढे टाकायचा त्याच्यापुढे टाकायचा.

जुना नियम कडक होता. दगड वचन देणाऱ्याने स्वतः आणायचा. ओहोटीला समुद्रात उतरून, आपल्या डोक्यावरून. पण पाणी फार गार. आधी गडी दगड आणू लागले. मग ओहोटीची वाट बघणे गेले. शेवटी, दगड आला कुठून, हे विचारणेही गेले.

भिंतीच्या अगदी पायथ्याशी एक जाळेवाला राहत होता. जाळी विणायची, फाटलेली सांधायची, हा त्याचा धंदा. बोलणे थोडे, राग फार. त्याला एकच मुलगी. तिला दम्याचा विकार. धुके उतरले की तिच्या छातीतून ओली दोरी ओढल्यासारखा आवाज निघे. बेटावर वैद्य एकच, तोही वरच्या अंगाला राहणारा. धुक्यात तो खाली उतरत नसे.

त्या वर्षी निवड आली. दोन पक्ष उभे राहिले. एकाची पागोटी तांबडी, दुसऱ्याची निळी.

"शिंपला कोणाला टाकणार?" बायकोने विचारले. ती मुलीच्या छातीला तेल चोळत होती.

"जो वैद्य देईल त्याला."

"मागल्या खेपेला पूल देणाऱ्याला टाकलात. गेलात कधी त्या पुलावरून?"

"पूल झालाच कुठे?"

"तेच म्हणते मी."

जाळेवाल्याने फाटके जाळे पुढ्यात ओढले. बायकोपुढे हरण्याची त्याला सवय होती.

निवडीच्या आदल्या दिवशी तांबड्यांचा पुढारी खालच्या वस्तीत आला. मागे बैलगाडी. गाडीत थोरला दगड, वर चटई टाकलेली.

"ऐका!" पुढारी म्हणाला. "खालच्या वस्तीत वैद्याचे घर बांधीन. वैद्य इथेच राहील. दिवसा, रात्री, धुक्यात. हे वचन, आणि हा त्याचा दगड. बघा केवढा आहे!"

जाळेवाल्याचे काळीज हलले. पण चटईच्या कडेने काहीतरी पांढरे दिसत होते. चुना. त्याने विचारले, "पुढारी, हा दगड कुठला?"

पुढारी हसला. "बाबा रे, तुला वैद्य हवा की दगडाचा पत्ता हवा?"

सगळी वस्ती हसली. जाळेवालाही हसला. दगड गाडीत डुगडुगत होता. त्याने घरातून आपला चांगला दोर आणून दिला आणि गाठही स्वतःच मारली.

दुसऱ्या दिवशी सगळे बेट टेकडीवर चढले. जाळेवाल्याने मुलीला खांद्यावर घेतले होते. त्या दिवशी मोठे उधाण होते, पण समुद्राकडे बघायला सवड कोणाला होती?

निळ्यांचा पुढारी म्हणाला, "जकात माफ!" त्याच्या गड्यांनी दगड ठेवला. पारडे खाली आले.

तांबड्यांचा म्हणाला, "हिवाळाभर प्रत्येक चुलीला सरपण!" दगड पडला. दुसरे पारडे खाली आले.

"बंदर दुप्पट करीन!"

"म्हाताऱ्यांना घरबसल्या धान्य!"

"प्रत्येक कोळ्याला नवी नाव!"

"खालच्या वस्तीला वैद्य!"

दगडामागून दगड पडत होते. पारडी वर जात होती, खाली येत होती. ते थोरले हाड कधी इकडे कलले, कधी तिकडे. असा तोल कोणी जन्मात पाहिला नव्हता. लोकांचे डोळे विस्फारले, तोंडे उघडी राहिली. आकाशातला देव खाली उतरून आपल्यासाठी झोके घेतो आहे, असे त्यांना वाटले. आयाबायांनी हात जोडले.

जाळेवाल्यानेही हात जोडले. मग मुलीला खाली उतरवून, शिंपला मुठीत धरून तो तांबड्यांच्या पारड्याकडे निघाला.

तेवढ्यात धुके फाटले. ऊन पारड्यावर पडले. सगळ्यांत वरचा दगड वैद्याच्या वचनाचा होता. जाळेवाला त्याच्यापुढे थांबला, तो थांबलाच.

दगडावर खूण होती. जाळ्याची गाठ. दोन पदर खालून, एक वरून. मुलगी जन्मली तेव्हा त्याने आपल्या हाताने ती कोरली होती. छिन्नी निसटून एक पदर आखूड झाला होता. तोही तसाच होता.

त्याने शिंपला तोंडात धरला आणि दोन्ही हात दगडाला घातले.

तराजूचा म्हातारा राखणदार ओरडला, "ए! वचन देणाऱ्याखेरीज पारड्यातला दगड कोणी उचलायचा नाही. ज्याने उचलला त्याचा शिंपला गेला!"

जाळेवाल्याने शिंपला राखणदाराच्या पायाशी थुंकला. "गेला तर गेला."

"अरे वेड्या!" पुढारी धावत आला. "ठेव तो खाली. तुझ्याच मुलीसाठी आहे तो!"

"माझ्याच मुलीचा आहे तो," जाळेवाला म्हणाला, आणि दगड उचलला.

पारडे चटकन वर गेले. खालच्या वस्तीने आरडाओरडा केला. "घालवलास! हाताशी आलेला वैद्य घालवलास!" कोणी त्याला शिव्या दिल्या. निळी पागोटी टाळ्या पिटू लागली.

जाळेवाल्याची बायको मात्र सरळ निळ्यांच्या पारड्याकडे गेली. वाकली. एका दगडावरून तिने हात फिरवला.

"ही चिमणी," ती म्हणाली, "माझ्या बापाने कोरलेली. हा माझ्या धाकट्या भावाचा दगड. भाऊ समुद्रात गेला. दगड तरी ठेवायचा होतात, मेल्यांनो."

टाळ्या थांबल्या.

मग लोक हळूहळू पुढे आले. कोणी नांगर ओळखला, कोणी मासा, कोणी चंद्रकोर. या पारड्यात आणि त्या पारड्यातही. तांबड्यांच्या पुढाऱ्याने मान खाली घातली. "चारच दगड काढणार होतो," तो म्हणाला. "त्या जागी पेंढा कोंबला आहे. निवड झाली की परत बसवणार होतो."

निळ्यांचा पुढारी पुटपुटला, "आम्हीही तसेच ठरवले होते. पण तुम्ही एक ठेवलात की आम्हाला दोन ठेवावे लागत."

कोणी काही बोलण्याआधी आवाज आला.

वारा पडलेला होता. गवताचे पातेही हलत नव्हते. तरी वरचे हाड घुमू लागले. आधी मधमाशीसारखे, मग ढोलासारखे. तो नाद कानांत शिरला नाही, पायांतून वर चढला. माणसे थरारली. एकेक मान समुद्राकडे वळली.

समुद्र भिंतीवर उभा होता. हिरवा, गुळगुळीत, आवाज न करता. जणू कोणी पर्वत उचलून भिंतीशी आणून ठेवला होता, आणि तो पर्वत वाकून आत बघत होता. तो समुद्र त्यांनी रोज पाहिला होता, पण त्या दिवशी त्यांनी त्याची उंची पाहिली.

मग पेंढा सुटला आणि पांढरी धार आत आली.

"दगड घ्या!" जाळेवाला ओरडला, आणि मुलीचा दगड पोटाशी धरून उतारावरून धावत सुटला. सगळे बेट त्याच्यामागे धावले. ज्याला जो मिळाला तो दगड त्याने उचलला. पुढाऱ्यांनी गड्यांना हाका मारल्या, पण गडी आपापल्या बापाचे दगड घेऊन केव्हाच निघून गेले होते. शेवटी दोघांनीही दगड डोक्यावर घेतले. त्यांची पागोटी चिखलात पडली. पुढे सापडली तेव्हा तांबडे कोणते आणि निळे कोणते, हे त्यांनाही ओळखू येईना.

वर राखणदाराने लहान मुलांना गोळा केले. उघड्यावर गारठा होता, म्हणून त्याने त्यांना दोन्ही रिकाम्या पारड्यांत बसवले. जाळेवाल्याची मुलगीही त्यांत होती. हाड घुमत राहिले. पारडी मात्र हलली नाहीत. दोन्ही एका रेषेत राहिली.

माणसे कमरभर पाण्यात उभी राहून भिंतीतली भोके बुजवत होती. बहुतेक भिंत वाचली. पण बार्लीच्या शेतांकडे तिला तोंड फुटले. तिथे समुद्र आत आला आणि बसला. ती शेते पुढे पिढीभर मिठाची राहिली. जाळेवाल्याची सगळी जाळी वाहून गेली. जीव कोणाचा गेला नाही. समुद्राने तेवढी दया केली. दर वेळी करीलच असे नाही.

पाणी उतरल्यावर निवड पुन्हा ठरली. जुना नियम परत आला. दगड समुद्राचा, ओहोटीचा, आपल्या डोक्यावरून.

सकाळी दोघे पुढारी पाण्यात उतरले. सगळे बेट काठावर उभे होते. पुष्कळशी वचने तिथे पाण्यातच राहिली. बंदर राहिले, नव्या नावा राहिल्या, जकातही राहिली. दोघे काकडत, निळे पडून वर आले. प्रत्येकाच्या डोक्यावर नारळाएवढा एक दगड.

तांबड्यांचा म्हणाला, "बाजाराच्या दिवशी वैद्य खालच्या वस्तीत येऊन बसेल. याहून जास्त मला उचलत नाही."

निळ्यांचा म्हणाला, "भिंतीचे फुटके तोंड पुढच्या उधाणाआधी बुजवीन. मलाही एवढेच उचलते."

जाळेवाल्याला शिंपला नव्हता; बाकीच्यांनी दगड उचलले ते हाड घुमल्यावर, त्याने मात्र निवड चालू असताना. नियम तो नियम. बायकोने विचारले, "मी कोणाला टाकू?"

"मला विचारू नकोस. दगडांना हात लावून बघ."

तिने हात लावला. दोन्ही ओले. दोन्ही सारखेच गार. तिने मुलीकडे पाहिले, मग भिंतीकडे. आजवर निवड सोपी होती. आज पहिल्यांदा ती अवघड झाली, कारण आज पहिल्यांदा दोन्ही पारड्यांत काहीतरी होते.

शेवटी तिने शिंपला निळ्यांच्या दगडापुढे टाकला. म्हणाली, "भिंत नसली तर वैद्य येऊन बसणार कुठे? माशांच्या पाठीवर?"

पुष्कळांनी तसेच केले. निळ्यांना कारभार मिळाला आणि उधाणाआधी भिंतीचे तोंड बुजले.

पण पहिल्या बाजाराच्या दिवशी जाळेवाल्याच्या दारात खेचर येऊन थांबले. खेचरावर वैद्य, कुरकुरत. लगाम तांबड्यांच्या पुढाऱ्याच्या हाती.

जाळेवाला चकित झाला. "पुढारी, तुम्ही तर हरलात!"

"हरलो," पुढारी म्हणाला. "पण तो दगड मी उचलला होता ना. अजून मान दुखते. तो परत समुद्रात कसा टाकू?"

जाळेवाला उठला आणि त्याने स्वतः लगाम धरला. मुलीचा दमा पुरता गेला नाही. पण ती सलग झोपू लागली. आणि दोन्ही ओले दगड लोकांनी भिंतीत शेजारी शेजारी बसवले.

म्हणून लहानथोरांनी ध्यानात ठेवावे: वचन किती जड आहे हे पाहून भुलू नये, त्याचा दगड कोणाच्या भिंतीतून निघाला, हे आधी विचारावे.